पहिलेच नाव, जे मैदानात उतरले नाही

१/ ८ फेब्रुवारी १९३६, फिलाडेल्फियातील रिट्झ-कार्लटन हॉटेल. अमेरिकेतील ९ व्यावसायिक फुटबॉल संघ महाविद्यालयीन खेळाडूंची वाटणी करण्यासाठी जमले. फळ्यावर सुमारे ९० नावे होती. आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघाने प्रथम निवड करावी, ही बर्ट बेल यांची सूचना. तळाशी होता त्यांचाच ईगल्स संघ!

२/ पहिली निवड शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरची. पुढे त्याचे हक्क शिकागो बेअर्सकडे गेले. परंतु मागितलेले मानधन मिळेना, म्हणून त्याने रबर कंपनीत नोकरी पत्करली. तो व्यावसायिक सामना कधीच खेळला नाही.

३/ १९६०च्या दशकात डॅलस काउबॉयज संघाने निवडीसाठी संगणक वापरला. ती पद्धत रचणारे आयबीएमचे संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी मूळचे भारतीय. चारित्र्य, चपळाई, जिद्द, तल्लखपणा आणि ताकद या गुणांना तिथे अंक मिळाले.

४/ तरीही २००० साली १९८ खेळाडूंनंतर निवडला गेलेला टॉम ब्रॅडी पुढे ७ सुपर बोल जिंकला.

५/ म्हणूनच अशा याद्यांतून खेळाडूंपेक्षा निवडणाऱ्यांना काय दिसत होते, हे अधिक कळते. बरवँगरची अपेक्षा १९३६च्या फळ्यावर कोणीच लिहिली नव्हती.