जव्हार-मोखाड्याचें रान

पावसाळा आला कीं मुंबई, ठाणें व नाशिक येथील हौशी मंडळींच्या मोटारी जव्हारच्या घाटरस्त्यास लागतात. लेंढी नदीवरील दाभोशाचा सुमारें ३०० फूट उंचीचा धबधबा पाहावा, मोखाड्याकडील सूर्यमाळच्या थंड हवेंत एक रात्र काढावी, आणि परतावें, असा बहुतेकांचा बेत असतो. केवळ मौजेसाठीं रानांत जाण्याची ही चाल ह्या प्रदेशाच्या इतिहासांत अगदीं अलीकडची आहे. त्यापूर्वीं कित्येक शतकें बाहेरचा मनुष्य ह्या रानांत येई तो आसऱ्यास, लढाईस किंवा लांकडासाठीं. आणि जे वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी तेथेंच राहत, त्यांचें तर सारें पोट त्या रानावर.

चौदाव्या शतकाच्या आरंभीं जयबा मुकणे ह्या कोळी नायकानें जव्हारास राज्य स्थापिलें. त्यानें वारली नायकापाशीं एका बैलाच्या कातड्यानें वेढली जाईल एवढीच जमीन मागितली, आणि ती मिळतांच कातड्याच्या बारीक वाद्या कापून सारा मुलूख वेढला, अशी दंतकथा आहे. हीच गोष्ट राणी डिडो व कार्थेज नगरी यांविषयींही सांगतात. तेव्हां तिला इतिहास मानण्याचें कारण नाहीं. तथापि जमीन मूळची वारल्यांची होती, एवढी कबुली त्या कथेंत आपोआप उतरली आहे, हें विसरतां येत नाहीं. जयबाचा पुत्र नेमशहा यास दिल्लीच्या सुलतानाकडून १३४३ मध्यें राजा म्हणून मान्यता मिळाली, आणि जव्हारचा स्वतंत्र शक तेव्हांपासून सुरू झाला.

रान हीच ह्या राज्याची तटबंदी. १६६४ च्या आरंभीं शिवाजीमहाराज सुरतेवर गेले ते ह्याच मुलुखांतून. जव्हारनजीक शिरपामाळावर विक्रमशहानें त्यांचें स्वागत करून त्यांस शिरपेच अर्पण केला, असें परंपरा सांगते. पुढें आठच वर्षांनीं, १६७२ मध्यें, मोरोपंत पिंगळ्यांनीं जव्हार घेतलें आणि त्याच विक्रमशहास पळून जावें लागलें. वाट माहीत असलेल्यापुढें रानाचा तट टिकत नाहीं. पेशवाईंत राज्याचा सुपीक मुलूख बहुतेक गेला. उरले ते डोंगर आणि झाडी.

इंग्रजी अमलांत मोखाड्याचा भाग शहापूर तालुक्यांत मोडे, तर जव्हार संस्थानच राहिलें. १८७८ च्या कायद्यानें सरकारी जंगल राखीव होऊं लागलें, आणि ठाणें जिल्ह्यांत खरा तंटा पेटला तो राबावरून. उन्हाळ्यांत रोप टाकावयाच्या तुकड्यावर झाडांचा टहाळ, शेण व पालापाचोळा पसरून तो जाळावयाचा, आणि त्या भाजलेल्या मातींत भात, नाचणी व वरई यांचें बीं टाकावयाचें, ही राब करण्याची रीत. भाजल्यानें तणाचें बीं मरतें, आणि राखेचें खत रोपास मिळतें. टहाळ मुख्यतः ऐनाचा. जंगलखात्याच्या दृष्टीनें हा झाडांचा निव्वळ नाश होता; शेतकऱ्याच्या दृष्टीनें टहाळ नाहीं तर रोप नाहीं, आणि रोप नाहीं तर वर्षभर अन्न नाहीं. गाऱ्हाणीं इतकीं वाढलीं कीं मुंबई सरकारास १८८५ मध्यें जंगल कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ मध्यें आला. कमिशननें राबाची बाजू ऐकली तरी जंगलावर हक्क कोणाचा हा प्रश्न शिल्लक राहिला, आणि वनहक्क मान्य करणारा कायदा होण्यास २००६ साल उजाडावें लागलें.

मध्यंतरीं संस्थानचे अखेरचे अधिपति यशवंतराव मुकणे यांच्या कारकीर्दींत जयविलास राजवाडा उभा राहिला. १९४८ मध्यें संस्थान विलीन होऊन ठाणें जिल्ह्याचा तालुका झालें. २०१४ पासून जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यांत आहेत. राजवाडा आतां प्रवाशांच्या यादींत असतो.

त्या यादींत नसलेली एक गोष्ट वाटेवरच उभी असते. शेतांच्या कडेला ऐनाचीं कांहीं झाडें विचित्र दिसतात. खोड जाड, परंतु फांद्या आंखूड, आणि जागोजाग गांठी. नवख्या माणसास तीं रोगट वाटतात, म्हणून तो त्यांचें छायाचित्र घेत नाहीं. त्या झाडांस रोग मुळींच नसतो. राबासाठीं पिढ्यान्‌पिढ्या कोयत्यानें टहाळ तोडला गेला, आणि प्रत्येक वेळीं त्याच जागीं पुन्हां पालवी फुटली, त्याच्या त्या गांठी होत.