निर्गुडी
निर्गुडी : (निगडी, लिंगड, सं. निर्गुंडी, सिंदुवार, हिं. सम्हालू, क. लक्की; शास्त्रीय नाव : व्हायटेक्स निगुंडो; कुल : लॅमिएसी). ओढ्याकाठी, पडीक जमिनीत आणि शेताच्या कुंपणाला वाढणारे उग्र वासाचे मोठे झुडूप. सांधेदुखी, लचक, उसण आणि सूज यांवरचे महाराष्ट्रातील परिचित घरगुती औषध. लिनीयसने १७५३ साली या जातीचे शास्त्रीय नामकरण केले.

पाने हाताच्या पंजासारखी, तीन ते पाच दलांची. वरून हिरवी, खालून बारीक लवेमुळे पांढुरकी. फुले लहान, निळसर जांभळी. फळ मिरीएवढे, पिकल्यावर काळे. दलांच्या कडा कातरलेल्या असल्यास तिला कातरी निर्गुडी म्हणतात. गुरे सहसा तोंड लावत नाहीत आणि फांदी खोचली तरी जगते, म्हणून कुंपणाला ती सोयीची.

निर्गुडी हे मुख्यतः बाहेरून करायचे औषध आहे. पाला ठेचून तव्यावर एरंडेलात परततात, फडक्यात त्याची पुरचुंडी बांधतात आणि दुखऱ्या गुडघ्यावर किंवा कंबरेवर, कातडीला सोसेल इतपत, शेक देतात. पुरचुंडी निवली की पुन्हा तव्यावर. आयुर्वेदातील पत्रपिंडस्वेद तो हाच. त्यात रुई, एरंड, शेवगा यांचा पालाही घालतात. लचकलेल्या घोट्यावर गरम पाला नुसता बांधूनही ठेवतात. बाळंतिणीच्या आंघोळीच्या पाण्यात पाला उकळण्याची चाल होती. तेल करायचे तर तिळतेलाच्या चौपट पाल्याचा रस घेऊन पाण्याचा अंश आटेपर्यंत मंद आचेवर कढवतात. या साऱ्यात उबेचा आणि चोळण्याचा गुण किती नि पाल्याचा किती, हे घरच्या अनुभवावरून वेगळे काढता येत नाही.

भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथात पांढऱ्या फुलांची ती सिंदुवार आणि निळ्या फुलांची ती निर्गुंडी असा भेद केला असून शूल, शोथ व आमवात यांवर ती सांगितली आहे. गंमत अशी की चरकसंहितेतील वेदनास्थापन (वेदना शमवणाऱ्या) गणात कदंब, शिरीष, अशोक आहेत, पण निर्गुडी नाही; तेथे ती कृमिघ्न गणात आणि सिंदुवार या नावाने विषघ्न गणात येते.

पानांत बाष्पनशील तेल, कॅस्टिसिन हे फ्लॅव्होनॉइड आणि ॲग्नुसाइड, नेगुंडोसाइड ही इरिडॉइड संयुगे असतात. श्रीलंकेतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ताज्या, जून पानांचा पाण्यातील अर्क उंदरांना तोंडावाटे दिल्यावर सूज आणि वेदना दोन्ही कमी झाल्या; प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखली जात असावी, असा त्यांचा कयास होता. घरोघरी चालतो तो मात्र शेक. पोटात दिलेल्या अर्काचा निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

फिलिपाईन्समध्ये हीच वनस्पती लागुंडी या नावाने ओळखली जाते आणि तेथील आरोग्य खात्याने मान्य केलेल्या दहा वनौषधींत तिचा समावेश आहे. पण दुखण्यावर नव्हे, तर खोकला आणि दम्यावर. आपल्याकडे सर्दीने डोके जड झाल्यास वाळलेला पाला उशीत भरत. कीड लागू नये म्हणून तो साठवणीच्या धान्यातही घालत.