पोलारिस ते टेराफॉर्म: एका जाळ्याची कुळकथा

क्लाउडवर मोठे ॲप्लिकेशन उभारायचे तर आधी नेटवर्क, मग सबनेट, त्यात डेटाबेस आणि सर्व्हर. क्रम चुकला की काम अडते. टेराफॉर्म या उभारणीच्या साधनाला मात्र हा क्रम कोणी सांगत नाही. कशाला काय लागते एवढे फाइलीत लिहिले की क्रम ते स्वतः लावते.

फाइलीत लिहून यंत्रणा उभारण्याच्या या विद्येचे मूळ सहसा ऑस्लोत दाखवतात. तिथे 1993 मध्ये मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाने सीएफइंजिन लिहिले. मग 2005 चे पपेट, 2011 चे ॲमेझॉनचे क्लाउडफॉर्मेशन, 2014 चे टेराफॉर्म. ही वंशावळ खरी, पण अर्धी. बर्जेसचे साधन बिघडलेल्या यंत्राला ठरलेल्या स्थितीत परत आणते. आधी काय आणि नंतर काय, हा प्रश्न वेगळ्या घराण्यातला आहे, आणि ते घराणे अमेरिकी नौदलाचे.

1958 मध्ये पाणबुडीतून डागायच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी नौदलाने ‘पर्ट’ ही पद्धत काढली. कोणते काम कशावर अडले आहे, ते बाणांच्या जाळ्यात दाखवायचे. ड्यूपॉन्ट कंपनीची ‘क्रिटिकल पाथ’ पद्धतही त्याच सुमाराची, त्यामुळे पहिलेपणाचा मान वादाचा. हार्वे सॅपोल्स्की यांनी तर 1972 च्या पुस्तकात पोलारिसच्या यशातले पर्टचे श्रेयच नाकारले. ते मान्य केले तरी जाळे उरतेच!

कारण 1962 मध्ये आर्थर कान यांनी अशा जाळ्यांचा क्रम संगणकाने लावण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि निबंधाच्या सुरुवातीलाच उदाहरण दिले ते पर्टचे. जे कशावरही अवलंबून नाही ते आधी घ्या, त्याचे बाण पुसा, पुन्हा तेच करा. बाण उरले आणि घेण्याजोगे काहीच नसले, तर जाळ्यात कुठेतरी चक्र आहे.

टेराफॉर्मच्या या वारशावर प्रतिस्पर्धी दावा ‘मेक’चा. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये लिहिलेले हे साधनही अवलंबित्वावरूनच क्रम ठरवते, आणि प्रोग्रामरांच्या हाती ही सवय त्यानेच दिली. पण मेक शेवटच्या वस्तूपासून मागे खोल शिरते. टेराफॉर्म ज्यांची वाट मोकळी झाली त्या वस्तू एकाच वेळी हाती घेते, एरवी एका दमात दहापर्यंत. ही चाल कान यांच्या रीतीची आहे.

पर्टचा हिशेबही इथे लागू पडतो: एकूण वेळ सर्वांत लांब साखळीपेक्षा कमी होऊ शकत नाही. म्हणून उभारणी रेंगाळत असेल तर दहाचा आकडा वाढवण्याआधी ‘टेराफॉर्म ग्राफ’ हा आदेश चालवा आणि ती साखळी शोधा.