फवारणी पंपाची गळती: वॉशर व ओ-रिंग का खराब होतात, काय काळजी घ्यावी

कामोठे आता शहरी वसाहत झाली असली, तरी पनवेल तालुक्याच्या अनेक गावांत पावसाळ्यात भात आणि नंतर जमिनीतील ओलाव्यावर वाल घेतला जातो. दोन्ही पिकांत पाठीवरचा फवारणी पंप लागतो. त्यातील रबरी वॉशर निकामी झाला, तर औषध वाया जातेच; शिवाय ते पाठीवर व हातांवर गळून त्वचेवाटे शरीरात जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, हे विसरू नये.

प्रमुख कारणे

१. औषध पंपात राहणे: ईसी प्रकारच्या कीटकनाशकांत सेंद्रिय द्रावक असतात. त्यांच्या सततच्या संपर्काने रबर फुगते, मऊ पडते.
२. कचरा व खडे: न गाळलेले पाणी किंवा बोर्डो मिश्रणातील चुन्याचे कण दट्ट्याचा वॉशर घासतात.
३. ऊन: उन्हात ठेवलेल्या पंपाचे रबर कडक होऊन त्याला चिरा पडतात.
४. जास्त आवळणे: वॉशर कायमचा चपटा होतो आणि पुढे पाणी धरत नाही.
५. चुकीचे रबर: सायकलच्या ट्यूबचा कापलेला तुकडा पाण्याला चालतो, पण तेलकट औषधात तो लवकर फुगतो.

प्रतिबंधक उपाय

• फवारणी संपताच पंप स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुवा. दर वेळी थोडे पाणी नळी व नोझलमधून सोडा. हे पाणी फवारलेल्या शेतातच टाका. विहीर, ओढा किंवा खाडीत नको.
• द्रावण नेहमी जाळीतून गाळून भरा.
• हंगाम संपल्यावर दाब सोडून, पंप उलटा करून वाळवा आणि सावलीत ठेवा.
• वॉशर बदलताना त्याच कंपनीचा, त्याच मापाचा घ्या. जोडावर टेप गुंडाळणे हा वॉशरला पर्याय नाही.
• वॉशरला उत्पादकाने सुचवलेलेच वंगण लावा.

औषध भरण्यापूर्वीची तपासणी

पंपात साधे पाणी भरून दाब द्या, कॉक बंद ठेवा आणि पाच मिनिटे झाकण, नळीचे जोड व हँडल पाहा. थेंब दिसला तर दाब सोडून तो जोड उघडा. वॉशर बोटांत दुमडून पाहा. चीर, चिकटपणा किंवा फुगवटा असेल तर बदला. काही रुपयांच्या वॉशरसाठी गळका पंप पाठीवर घेऊ नका. औषध अंगावर सांडल्यास कपडे लगेच काढून त्वचा साबण-पाण्याने धुवा. मळमळ, चक्कर किंवा घाम आल्यास औषधाचे लेबल सोबत घेऊन त्वरित दवाखान्यात जा.