बिनसावलीची दुपार

परदेशी शिकायला गेलेल्या मुलाचे पहिले पत्र घरी आले की त्यात काय असते? इथे जेवायला असे बसतात, आंघोळ अशी करतात, हवा अशी आहे. अभ्यासाविषयी दोन ओळी. तेराशे वर्षांपूर्वी एका चिनी विद्यार्थ्याने असाच मजकूर मायदेशी धाडला. फरक इतकाच की तो चाळीस प्रकरणांचा होता, आणि त्यातला परदेश म्हणजे मुख्यतः आपला भारत. विद्यार्थ्याचे नाव इत्सिंग. शाळेच्या इतिहासात ते ह्युएनत्संगच्या पाठोपाठ एका ओळीत येऊन जाते. आज आपण त्याच्यापाशी जरा थांबू.

छत्तिसाव्या वर्षी विद्यार्थी

इत्सिंगचा जन्म 635 सालचा. 671 साली तो ग्वांगझू बंदरातून एका इराणी जहाजावर चढला आणि वीस दिवसांच्या आत सुमात्रा बेटावरच्या श्रीविजयला, म्हणजे आजच्या पालेम्बांगच्या परिसरात, पोचला. तिथे सहा महिने थांबून त्याने संस्कृत व्याकरण शिकायला सुरुवात केली. पुढच्या प्रवासात एका बेटाशी (बहुधा निकोबार) लोक होड्यांतून नारळ आणि केळी घेऊन जहाजाकडे आले. त्यांना सोनेनाणे नको होते, लोखंड हवे होते. दोन बोटे लोखंडाला पाच ते दहा नारळ, असा भावही त्याने टिपून ठेवला आहे.

673 साली तो बंगालमधल्या ताम्रलिप्तीला उतरला. वर्षभर भाषा पक्की करून नालंदेकडे निघाला. वाटेत आजारी पडला, सोबतचा तांडा पुढे गेला आणि एकट्याला चोरांनी गाठून अंगावरचे कपडेही काढून नेले. गोऱ्या कातडीच्या माणसाला इथे बळी देतात, अशी अफवा त्याच्या कानावर आली होती. म्हणून त्याने अंगाला चिखल फासला, झाडाची पाने गुंडाळली आणि काठी टेकत रात्री उशिरा सोबत्यांना गाठले. त्यानंतर सुमारे दहा वर्षे तो नालंदेत शिकला.

ताट, पाणी आणि दातवण

इत्सिंगचे लक्ष आधी गेले ते रोजच्या सवयींकडे. इथले भिक्षू हातपाय धुऊन, सुट्या लहान आसनांवर, एकमेकांना न शिवता जेवायला बसतात. उरलेले उष्टे पुन्हा वाढत नाहीत. जेवणानंतर दातवण चावून तोंड स्वच्छ करतात. पिण्याच्या पाण्याचे भांडे वेगळे, शौचाचे वेगळे. पाणी गाळून घेतात, ते मात्र पाण्यातले जीव मरू नयेत म्हणून. चीनमध्ये मासे आणि भाज्या बऱ्याचदा कच्च्या खातात, इथे कोणी खात नाही, असेही तो सांगतो.

पण परदेशातले सगळेच चांगले, असे त्याला वाटत नाही. नाडीपरीक्षा आणि सुया टोचून करायचे उपचार यांत चीनच्या तोडीचे कोणी नाही, हेही तो ठामपणे लिहितो. दोन्ही देशांना एकाच तराजूत तोलणारा हा माणूस म्हणूनच विश्वासाचा वाटतो.

वाटी बुडाली, नगारा वाजला

भिक्षूंना मध्यान्हीनंतर जेवण वर्ज्य. त्यामुळे मध्यान्ह नेमकी केव्हा, हा त्यांच्या पोटाचाच प्रश्न होता! नालंदेत त्यासाठी पाण्याचे घड्याळ होते. पाण्याने भरलेल्या तांब्याच्या भांड्यात बारीक छिद्राची तांब्याची वाटी तरंगत सोडायची. छिद्रातून पाणी वर येते, वाटी भरते आणि बुडते. बुडाली की नगारा वाजवायचा. आपल्याकडच्या लग्नातले घटिकापात्र ते हेच.

नालंदेत सकाळपासून मध्यान्हीपर्यंत वाटी आठ वेळा बुडे. महाबोधी आणि कुशीनगर इथे सोळा वेळा. सकाळ ते मध्यान्ह हा काळ सुमारे सहा तासांचा धरला, तर नालंदेची वाटी 45 मिनिटांची आणि महाबोधीची साडेबावीस मिनिटांची होते. आपली घटिका 24 मिनिटांची, म्हणजे दुसरी वाटी तिच्या बरीच जवळ आली. वेळ मोजण्याचे तत्त्व एकच, पण एकक गावोगाव वेगळे.

सावली हरवते

मध्यान्ह ओळखण्याचा दुसरा उपाय म्हणजे काठीची सावली. इथे इत्सिंगने एक फार मोलाची नोंद केली आहे. श्रीविजयला वसंताच्या मध्यास आणि आठव्या चिनी महिन्याच्या मध्यास भर दुपारी उभ्या माणसाची सावलीच पडत नाही. सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. तो दक्षिणेला असताना सावली उत्तरेला दोन-तीन फूट पडते, आणि उत्तरेला असताना तेवढीच दक्षिणेला.

हे पडताळून पाहू. पालेम्बांग विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे 3 अंशांवर आहे. तिथे सूर्य डोक्यावर येतो तो 13 मार्च आणि 30 सप्टेंबरच्या सुमारास. त्याने सांगितलेले दिवस विषुवदिनांच्या आसपासचे, म्हणजे थोडेसेच इकडेतिकडे. आणि अगदी विषुवदिनीही 160 सेंमी उंचीच्या माणसाची सावली जेमतेम 8 सेंमी पडते. ती त्याच्या पायांतच लपते. डिसेंबरमध्ये सूर्य सर्वांत दक्षिणेला असताना तीच सावली सुमारे 60 सेंमी, जूनमध्ये सुमारे 80 सेंमी होते. तेव्हाचा चिनी फूट सुमारे 30 सेंमीचा. म्हणजे दोन ते पावणेतीन फूट!

चीनमध्ये असताना तो राहिला तो मुख्यतः कर्कवृत्ताच्या उत्तरेला, आणि नालंदाही त्या वृत्ताच्या उत्तरेलाच. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. बिनसावलीची दुपार त्याला भेटली ती वाटेवरच्या या मुक्कामी.

पाहिलेले आणि ऐकलेले

मग इत्सिंगचे सगळेच खरे मानायचे का? वैयाकरण भर्तृहरी चाळीस वर्षांपूर्वी वारला, असे तो लिहितो. म्हणजे सातव्या शतकाच्या मध्यास. पण पाचव्या-सहाव्या शतकातल्या दिङ्नागाने भर्तृहरीची वचने उद्धृत केली आहेत. तेव्हा इत्सिंगचे साल चुकले, हे उघड आहे. तो खोटे बोलत नव्हता. वाटी आणि सावली त्याने स्वतः पाहिली होती. भर्तृहरीची गोष्ट त्याने ऐकली होती. एकाच माणसाच्या एकाच पुस्तकात दोन प्रकारचे पुरावे असतात. ते वेगळे ओळखायला शिकणे हाच इतिहासाचा अभ्यास, आणि आम्हां विज्ञानवाल्यांना वाटते, विज्ञानाचाही.

इत्सिंगने हा वृत्तान्त 692 साली श्रीविजयहून चीनला पाठवला. 695 मध्ये तो स्वतः सुमारे चारशे ग्रंथ घेऊन मायदेशी परतला आणि 713 साली वारला. जपानी विद्वान ताकाकुसू यांनी 1896 मध्ये वृत्तान्ताचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला.

महाराष्ट्र सगळाच कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपल्याकडेही दरवर्षी दोन दुपारी सावली हरवते: एकदा मे महिन्यात, एकदा जुलै-ऑगस्टमध्ये. मेमध्ये शाळेला सुटी आणि दुसऱ्या वेळी आभाळात ढग, म्हणून बहुतेकांच्या नजरेतून ती निसटते. या वर्षी मुलांना सुटीचा गृहपाठ द्या. अंगणात काठी सरळ रोवायची, रोज मध्यान्हीची सर्वांत आखूड सावली मोजायची आणि पत्राने कोणाला तरी कळवायची. स्वतः काय पाहिले आणि कोणाकडून काय ऐकले, हे मात्र वेगवेगळे लिहायला सांगा.