नग एक, मानवी सांगाडा

माणसाच्या शरीरात हाडं किती? परीक्षेत रिकाम्या जागा भरायला याहून सोयीचा प्रश्न नाही. दोनशे सहा लिहायचं आणि एक गुण घ्यायचा. सहावी-सातवीच्या वर्गांना मी जवळजवळ तीस वर्षं विज्ञान शिकवलं. एरवी काही न लिहिणारी मुलंही हा एक गुण सोडत नसत. पण हा आकडा आला कुठून, तो कोणी मोजला, आणि मुख्य म्हणजे कुणाची हाडं मोजली, हे धड्यात नसतं. आज थोडं त्याविषयी बोलायचं आहे.

एका वर्षी वर्गात वैद्यांच्या घरातला एक मुलगा होता. तो उठून म्हणाला, "बाई, आमचे आजोबा म्हणतात हाडं तीनशे असतात." वर्ग हसला. पण आजोबा बरोबर सांगत होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हाडांची संख्या तीनशेच दिली आहे. हातापायांत १२०, धडात ११७ आणि मानेपासून वर ६३. चरकसंहितेत हीच संख्या ३६० आहे. सुश्रुताला हे माहीत होतं. वेद मानणारे ३६० म्हणतात, शल्यतंत्रात मात्र तीनशेच, असं तो सरळ नोंदवतो. ३६० या आकड्याला जुनी प्रतिष्ठा होती. वर्षाच्या रात्री ३६० आणि माणसाची हाडंही ३६०, असा मेळ शतपथ ब्राह्मणात घातलेला आहे. इतका सुंदर मेळ मोडायला धीर लागतो.

मग खरं कोणतं? याचं उत्तर मी मुलांकडूनच काढून घेत असे. आधी ठरवा, हाड कशाला म्हणायचं. दात हाड का? नख? कानाची पाळी? चरकाच्या यादीत बत्तीस दात आहेत, दातांच्या बत्तीस खोबण्या वेगळ्या आहेत आणि वीस नखंही आहेत. हे वजा केलं की ३६० चे एकदम २७६ होतात. सुश्रुताने नखं सोडली, दात ठेवले आणि आज आपण ज्याला कूर्चा म्हणतो तीही धरली. त्याने हाडांच्या पाच जाती केल्या आहेत. कपाल म्हणजे चपटी, रुचक म्हणजे दात, तरुण म्हणजे नाकाकानातली मऊ, वलय म्हणजे बरगड्यांसारखी वाकलेली आणि नलक म्हणजे लांब नळीसारखी. आजच्या पुस्तकातल्या वर्गीकरणापेक्षा ही नावं मुलांना लवकर कळतात, असा माझा अनुभव आहे. 'तरुण' हे नाव तर फारच आवडायचं. हाड म्हातारं व्हायच्या आधीचं!

आणखी एक गंमत. दोनशे सहा ही मोठ्या माणसाची संख्या आहे. जन्मलेल्या बाळाच्या अंगात तीनशेच्या आसपास तुकडे असतात आणि वाढता वाढता ते एकमेकांना जुळतात. आपल्याकडे बाळाची टाळू तेलाने भरतात ना? ती मऊ जागा म्हणजे कवटीची हाडं अजून भेटलेली नाहीत अशी फट. साधारण दीड वर्षात ती भरून येते. सातवीतल्या मुलाची हाडंही अजून पुरती जुळलेली नसतात. "म्हणजे बाई, आमची दोनशे सहा नाहीत?" असं कुणीतरी विचारतंच. नाहीत. पेपरात मात्र दोनशे सहाच लिहा, असं सांगावं लागतं. काय करणार!

सुश्रुताने नुसती संख्या दिली असती तर मी त्याच्याविषयी इतकं बोलले नसते. त्याने पाहायचं कसं तेही सांगितलं आहे. प्रेत निवडावं ते सगळे अवयव शाबूत असलेलं, विषाने न मेलेलं, दीर्घ आजाराने न झिजलेलं. ते गवताने किंवा सालीने गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवावं. सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंत सगळं डोळ्यांनी पाहावं. शास्त्र वाचलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं, दोन्ही मिळून ज्ञान वाढतं, असं तो म्हणतो. पुढच्या पिढ्यांनी त्यातलं वाचन तेवढं ठेवलं आणि पाहणं सोडलं. मेलेल्याच्या हाडांशी आपला संबंध उरला तो अस्थी सावडण्यापुरता, आणि तिथूनही आंघोळ करूनच घरात यायचं.

पश्चिमेकडेही फार वेगळं नव्हतं. तिथली कथा सांगताना मी मुलांना हनुवटीवर बोटं ठेवायला सांगत असे. खालचा जबडा एक हाड आहे की दोन? चाचपून बघा. मधोमध खळी असलेली मुलं ठामपणे 'दोन' म्हणायची. दुसऱ्या शतकात रोममध्ये नावारूपाला आलेला गेलन हा मोठा वैद्यही दोनच म्हणत होता. माणसाचं प्रेत फाडायची तिथे पद्धत नव्हती, म्हणून त्याचा अभ्यास माकडांवर आणि इतर जनावरांवर. मानवी सांगाडा पाहायचा असेल तर अलेक्झांड्रियाला जा, असा सल्ला तो देतो. स्वतः त्याने पाहिले ते योगायोगाने सापडलेले. एक नदीच्या पुराने थडग्यातून वाहून आलेला, दुसरा रस्त्याकडेला मारल्या गेलेल्या आणि पाखरांनी साफ केलेल्या दरोडेखोराचा.

गेलनचं म्हणणं हजार वर्षं चाललं. ते खोडलं गेलं ते दुष्काळात. इसवी सन १२०० ते १२०२ या काळात नाईल नदीला पुरेसं पाणी आलं नाही आणि इजिप्तमध्ये माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. त्या वेळी बगदादचा अब्दुल लतीफ नावाचा वैद्य कैरोत होता. शहराबाहेर हाडांची टेकडीच झाली होती. तो तिथे गेला आणि एकेक जबडा उचलून पाहू लागला. त्याने आणि त्याच्याबरोबरच्या लोकांनी दोन हजारांवर कवट्या तपासल्या. प्रत्येक जबडा अखंड, एकाच हाडाचा. गेलनविषयी पूर्ण आदर राखून त्याने लिहून ठेवलं, की डोळ्यांची साक्ष त्याच्या शब्दापेक्षा जास्त भरवशाची आहे. लतीफचं हे लिहिणं युरोपच्या वैद्यांपर्यंत वेळेवर पोचलं नाही. तिथे हेच पुन्हा सिद्ध करायला व्हेसेलियस यावा लागला. लुव्हँ शहराबाहेर फाशी दिलेल्या माणसाचा सांगाडा त्याने १५३६ च्या सुमारास तुकड्यातुकड्याने चोरून घरी आणला आणि तो पॅरिसहून आणल्याची थाप मारली. त्याचा शरीररचनेवरचा ग्रंथ १५४३ मध्ये बाझल इथे छापला गेला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. खालचा जबडा एक हाड. छातीच्या मधल्या हाडाचे भाग सात नव्हेत, तीन. त्याच वर्षी बाझलला देहदंड झालेल्या एका गुन्हेगाराचा त्याने जोडलेला सांगाडा तिथल्या विद्यापीठात आजही आहे.

(जाता जाता सांगते, बाळ जन्मतं तेव्हा त्याचा खालचा जबडा खरोखरच दोन तुकड्यांचा असतो. पहिल्या वर्षात ते जुळतात. खळीवाल्या मुलांची बाजू अगदीच लंगडी नव्हती.)

पुरात वाहून आलेला, पाखरांनी खाल्लेला, भुकेने मेलेला, फासावर चढवलेला. आपल्या दोनशे सहाच्या मागे उभी असलेली माणसं ही अशी आहेत. यातल्या कुणालाही कुणी काही विचारलं नव्हतं.

आपल्याकडे पाहण्याची रीत पुन्हा सुरू झाली ती कलकत्त्यात. तिथलं मेडिकल कॉलेज १८३५ मध्ये निघालं आणि १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं. त्याची हकिकत 'जुन्या समजुती झुगारणारा सुधारक' अशी सांगतात, पण ती अर्धीच झाली. मधुसूदन हे संस्कृत कॉलेजात आयुर्वेद शिकवणारे पंडित. सुश्रुतसंहितेची पहिली छापील आवृत्ती त्याच सुमारास त्यांनीच सिद्ध केली होती. पिंजरा, वाहतं पाणी आणि वाळ्याचा कुंचला त्यांनी मुद्रितं तपासताना वाचला असणारच. मला तर वाटतं, सुश्रुताचं अर्धवट राहिलेलं वाक्य त्यांनी पुरं केलं.

आता त्याच कलकत्त्याची दुसरी बाजू, जी मला एका विद्यार्थिनीमुळे शोधावी लागली.

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खरा सांगाडा होता, साठच्या दशकात विकत घेतलेला. लांबट लाकडी पेटी, कवटीला वर कडी, सांध्यांना पितळी तार, जबड्याला स्प्रिंग. जबडा उघडमीट करून मागच्या बाकावरची मुलं त्याच्या तोंडून हजेरी द्यायची. नाव ठेवलं होतं 'हाडक्या'. १९९४ साली आरोग्य तपासणीला आलेले डॉक्टर सहज प्रयोगशाळेत डोकावले. त्यांनी कंबरेचं हाड निरखलं, गळ्याजवळच्या आडव्या हाडाचं टोक पाहिलं. ते टोक सगळ्यांत शेवटी जुळतं, तिशीच्या अलीकडे. म्हणाले, "हाडक्या नव्हे हो बाई, ही मुलगी आहे. पंचविशीच्या आतबाहेरची." मुलं भोवती होतीच. सगळी गप्प झाली. मग एका मुलीने विचारलं, "ही आपल्या शाळेत आहे, हे हिच्या घरी माहीत आहे का?"

मी डेडस्टॉक रजिस्टर काढून पाहिलं. दोन टेबलं आणि एक तराजू यांच्यामध्ये नोंद होती: मानवी सांगाडा, नग १. पुढे कलकत्त्याच्या विक्रेत्याचा उल्लेख आणि किंमत.

त्या काळात जगातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हातात बहुतेक भारतीय हाडंच असत. इंग्लंडमध्ये बेवारस गरिबांची प्रेतं कॉलेजांना देण्याचा कायदा १८३२ मध्ये झाला, पण मागणी पुरी होईना. पुढे ती भागवली कलकत्त्याच्या व्यापाराने. ज्यांच्या सरणाला लाकडं पुरली नाहीत, ज्यांच्यासाठी कुणी रडायला आलं नाही, ज्यांची कबर राखायला कुणी नव्हतं, अशांची हाडं उकळून, घासून, पांढरी करून पेट्यांत भरली जात. एकट्या १९८४ मध्ये सुमारे साठ हजार कवट्या आणि सांगाडे भारतातून बाहेर गेले, असा अंदाज शिकागोच्या एका वर्तमानपत्राने तेव्हा दिला होता. १९८५ मध्ये पंधराशे लहान मुलांचे सांगाडे परदेशी पाठवल्याचं प्रकरण उजेडात आलं. ही मुलं मारली तर नसतील, या शंकेने गदारोळ झाला आणि त्याच वर्षी सरकारने मानवी हाडांची निर्यात बंद केली. कागदावर बंद झाली, असं म्हणणं जास्त बरोबर. २००७ मध्ये बंगालच्या वर्धमान जिल्ह्यात पूर्बस्थली इथे पोलिसांना हाडांचा कारखानाच सापडला.

हे सगळं बारा वर्षांच्या मुलांना सांगावं का? काही सहकाऱ्यांचं मत होतं, नको. मुलं घाबरतील, पालक तक्रार करतील. मी सांगितलं. कुणी घाबरलं नाही. एक फरक मात्र झाला. जबडा हलवून हजेरी देणं बंद झालं, आणि ते मी बंद केलं नव्हतं. मोजणी चालूच राहिली. हातांत चौपन्न, पायांत बावन्न, म्हणजे निम्म्याहून जास्त हाडं हातापायांतच. 'हिच्या' मनगटाची आठ हाडं मोजून मग आपलं मनगट चाचपायचं, असा शिरस्ता पडला.

१९८५ मध्ये ज्योती बसू बंगालचे मुख्यमंत्री होते. ते जानेवारी २०१० मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दहन न करता कलकत्त्याच्याच सरकारी रुग्णालयाला अभ्यासासाठी देण्यात आला. त्यांचं राजकारण कुणाला पटो न पटो. ज्या शहरातून न विचारता इतकी हाडं गेली, तिथल्या सर्वांत मोठ्या माणसाने स्वतःची हाडं सांगून दिली, ही बातमी मी सातवीच्या फळ्यावर लिहिली होती.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. त्याच सुमारास शाळेत प्लॅस्टिकचा सांगाडा आला. हलका आहे, धुता येतो. मग जुन्याच्या निर्लेखनाचा विषय निघाला. एक सभासद म्हणाले, भंगारात पेटीचे पैसे येतील, हाडांचं काय ते बघा. कुणी म्हणालं, नदीत विसर्जन करू. पण ती हिंदू होती की मुसलमान, हे कसं ठरवायचं? शेवटी मुख्याध्यापकांनी रीतसर पत्र लिहिलं आणि एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाने तिला स्वीकारलं. न्यायला जीप आली तेव्हा मुलांनी तिच्या कडीला झेंडूची माळ बांधली. रजिस्टरमध्ये 'हस्तांतरित' असा शेरा पडला. पेटी शाळेतच राहिली. तिच्यात आता लेझमी ठेवतात.