पासवर्ड : लांब हवा, वेगळा हवा

बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल, ई-मेल... शहरी माणसाची बरीचशी दैनंदिन कामे आता पासवर्डच्या कुलपामागे असतात. घराचे कुलूप निवडताना घेतली जाणारी काळजी पासवर्ड निवडताना मात्र क्वचितच घेतली जाते. ‘रॉकयू’ या अमेरिकी कंपनीचे सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड २००९ मध्ये चोरीला गेले. त्यांची छाननी झाली तेव्हा सर्वाधिक वापरलेला पासवर्ड ‘१२३४५६’ हा निघाला. जवळपास २ लाख ९० हजार जणांनी तोच निवडला होता!

पासवर्ड फुटतो कसा?

हॅकर सहसा संगणकापुढे बसून एकेक पासवर्ड टाकून पाहत नाही. संकेतस्थळावरून चोरलेल्या सांकेतिक नोंदींशी त्याचा प्रोग्राम कोट्यवधी अंदाज ताडून पाहतो. पूर्वी फुटलेले पासवर्ड, शब्दकोशातील शब्द, नावे आणि त्यांना जोडलेली जन्मसाले यांचा क्रमांक पहिला असतो. ‘ए’च्या जागी ‘ॲट’चे चिन्ह टाकण्याची युक्तीही या प्रोग्रामना ठाऊक असते.

लांबीचे गणित

इंग्रजीतील केवळ लहान लिपीतली आठ अक्षरे घेतली, तर सुमारे २० हजार ८८२ कोटी जुळण्या होतात. आकडा मोठा वाटला, तरी नोंदी साध्या पद्धतीने साठवलेल्या असतील तर आजचे संगणक त्या काही मिनिटांत तपासू शकतात. आणखी चार अक्षरे वाढवली की जुळण्या साडेचार लाख पटींहून अधिक वाढतात. अर्थात, अक्षरे कोणत्याही क्रमाविना निवडलेली असतील तरच हे गणित लागू पडते.

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने पूर्वी चिन्हे व आकडे यांच्या मिश्रणावर भर दिला होता. २०१७ मध्ये तिनेच भूमिका बदलली. लांबीला महत्त्व द्यावे आणि पासवर्ड फुटल्याचा संशय नसेल तर तो ठरावीक काळाने बदलायला लावू नये, असे तिने सुचवले.

एक किल्ली, अनेक कुलपे

सर्वांत घातक सवय म्हणजे सर्वत्र एकच पासवर्ड वापरणे. ‘लिंक्डइन’मधून २०१२ मध्ये चोरीला गेलेल्या माहितीची व्याप्ती ११ कोटींहून अधिक खात्यांची असल्याचे २०१६ मध्ये उघड झाले. अशा याद्या हाती लागल्या की तेच पासवर्ड इतर संकेतस्थळांवरही लावून पाहिले जातात. त्यातही ई-मेलचा पासवर्ड सर्वांत मोलाचा. कारण इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तेथेच येतात.

हे लक्षात ठेवा

* परस्परांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडून पासवर्ड तयार करावा. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिले तरी चालतात. म्हणी व गाण्यांच्या ओळी मात्र टाळाव्यात.
* ई-मेल व बँकेचा पासवर्ड अन्यत्र कुठेही वापरू नये.
* अनेक पासवर्ड लक्षात राहत नसतील, तर पासवर्ड मॅनेजर वापरावा. घरात सुरक्षित ठेवलेली वहीदेखील एकच पासवर्ड सर्वत्र वापरण्यापेक्षा बरी.
* दुहेरी पडताळणीची सोय सुरू करावी आणि ओटीपी कोणालाही सांगू नये.

खात्यातून पैसे गेल्याचे लक्षात येताच बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.